डाव्या डोळ्याच्या तीन तपासण्या

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी बायको, तिच्याच हिशोबानं, पासष्टची. त्या पावसाळ्यात तिचा डावा डोळा गेला. उजवा आधीच गेलेला होता. ती चार वर्षांची असताना अंगावर देवी आल्या आणि जाताना बुबुळावर पांढरं फूल ठेवून गेल्या. म्हणजे लग्न करून माझ्या घरात आली ती एका डोळ्यानं. त्या एका डोळ्यावर तिनं भात लावला, भाकऱ्या थापल्या, पोरांच्या पायातले काटे काढले, आणि शेवटची बारा वर्षं आजऱ्याच्या काजू कारखान्यात बसून गर निवडले. अख्खा गर एका पाटीत, पाकळी दुसऱ्या पाटीत, तुकडा तिसऱ्यात. दोन डोळ्यांच्या बायकांपेक्षा तिची पाटी साफ असायची.

तो डोळा कसा गेला ते लिहून ठेवतो, कारण गावात सांगतात ते खरं नाही. गावात म्हणतात, डोळ्यांच्या साथीत गेला. साथीत आमच्या गावात अर्ध्या लोकांचे डोळे आले होते. गेला तिचा एकटीचा.

आधी माझ्या घराबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. देवळातलं गाऱ्हाणं आमच्या घराकडं आहे. गावाला काही विचारायचं असलं, कुणाचं दुखणं हटत नसलं, की गुरव देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो, आणि आमच्या घरातला माणूस समोर उभा राहून देवाला प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. आधी आजा होता, मग बाप, मग मी. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, चौथीत दोनदा बसलो आणि मग म्हशी घेऊन रानात गेलो. पण प्रश्न घालावा तर ह्यानं, असं पंचक्रोशीत म्हणत. मोघम विचारायचं नाही. ‘म्हैस बरी होईल का’ असं विचारायचं नाही, ‘ह्या वैद्याच्या हातानं, ह्या पंधरवड्यात बरी होईल का’ असं विचारायचं. देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. आणि एकदा कळी पडली की तोच प्रश्न परत घालायचा नाही. परत घालणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. एकदा एका पुढाऱ्याला कौल पसंत पडला नाही, तो बापाला म्हणाला, परत लाव. बाप काही न बोलता देवळाच्या पायऱ्या उतरून घरी आला आणि जेवायला बसला. ते मी लहानपणी बघितलं आणि जन्मभर उराशी धरलं.

श्रावणात डोळ्यांची साथ आली. पहिल्यांदा माझे आले. दोन्ही लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. आजऱ्यात औषधाच्या दुकानात गेलो, माझ्याकडं नीट न बघताच त्यानं एक बाटली पुढं सरकवली. दिवसातून चार वेळा दोन दोन थेंब. चार दिवसांत डोळे लख्ख झाले. बाटली अर्धी उरली, ती मी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

आठ दिवसांनी तिचा डोळा लाल झाला.

“साथीत दोन्ही डोळं येत्यात की वो,” ती म्हणाली. “माझा एकच कसा आला?”

“दुसऱ्यात यायला काय ऱ्हायलंय काय?” मी म्हणालो.

ती हसली. “तेबी खरंच,” म्हणाली. असली चेष्टा आमच्यात चालायची. तिनंच ती लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरू केली होती, मी बुजू नये म्हणून.

देवळीतली बाटली काढली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मीच थेंब घातले. दोन दिवसांत लाली उतरली. मी सुनेला सांगितलं, बघ, डॉक्टर बोलवायला नको की काय नको. पण बायको म्हणायला लागली, लाली गेली, तरी आत टोचालंय. उजेडाकडं बघवंना. पदर डोळ्यावर ओढून चुलीपुढं बसायची. तरी कारखान्यात जात राहिली. एक दिवस दुपारीच परत आली, डबा न उघडता.

“का गं?”

“तिथली बाई म्हणाली, आजी, तुमच्या अख्ख्याच्या पाटीत तुकडं यायलेत.” ती ओट्यावर बसली. “मला दिसलंच न्हाईत. धुकं पडल्यागत दिसालंय.”

बारा वर्षांत तिच्या पाटीला कुणी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही. सून म्हणाली, “मामा, कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्या. आत्याबाईंचा एकच डोळा हाय, ह्यात उशीर करू नका.” मी म्हणालो, साथीचं हाय, चार दिसांत निवळंल. आणि थेंब घालत राहिलो. चार दिवसांचे दहा झाले. मग सून माझ्याशी बोलायची बंद झाली, तेव्हा गेलो.

दवाखाना डोळ्यांचाच. बाकांवर सगळे काळे चष्मे लावून बसलेले, कुणी कुणाला शिवत नव्हतं. आमच्या पुढं एक फेटेवाला होता, कागलकडचा, माझ्याच वयाचा. आत डॉक्टरीणबाई होत्या, तिशीच्या आसपास. त्यांचा आवाज दाराबाहेर येत होता.

“दुकानातून आणून घातलेत? आणि घरात सगळ्यांना एकाच बाटलीतून? आजोबा, डोळा काय बैलाचा खूर आहे का, मिळेल ते चोपडायला?”

बाकांवरचे लोक हसले. फेटेवाला मान खाली घालून बाहेर आला. मला त्याची लाज वाटली. आपण असं उभं राहायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

बाईंनी तिच्या डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं.

“मावशी, आधी काही थेंब घातले होते?”

बायकोनं माझ्याकडं तोंड वळवलं.

“न्हाय,” मी म्हणालो. “गुलाबपाण्याचा बोळा तेवढा.”

“नक्की ना काका? कारण चित्र विचित्र दिसतंय. एक जंतू असतो, ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड उठवतो तोच. तो डोळ्यात गेला की झाडाच्या फांदीसारखी जखम दिसते. इथं फांदी नाही, नुसता पसरलेला डाग आहे. काही औषध घातलेलं असलं तर असं होऊ शकतं.”

“सांगितलं की न्हाय म्हणून,” मी म्हणालो.

बायको गुडघ्यावरचा पदर नीट करत राहिली.

मग बाईंनी सांगितलं की पक्कं कळायला डोळ्यातलं पाणी तपासायला पाहिजे, आणि त्यांच्याकडं सध्या एक काम चालू आहे. डोळ्यातला जंतू पटकन ओळखायच्या नव्या तपासण्या आल्यात, त्या एकमेकींशी ताडून बघायच्या. कागदाची एक पट्टी असते, दहा मिनिटांत सांगते. दुसरं एक यंत्र असतं, त्याला दीड तास लागतो. आणि तिसरी तपासणी पुण्याला जाते, तिचं उत्तर यायला दिवस जातात, पण ती पक्की. एकाच डोळ्याचं पाणी तिन्हींना द्यायचं आणि पक्कीच्या शेजारी झटपट दोघी ठेवून बघायच्या, कोण किती खरं बोलते.

“म्हंजे तुमचाच तुमच्यावर इश्वास न्हाय,” मी म्हणालो.

“नाहीच की,” बाई हसल्या. “म्हणून तर ताडून बघतोय. मावशी, तुमची तयारी आहे का? नसली तरी उपचार होणारच.”

“ह्यास्नी इचारा,” बायको म्हणाली.

“डोळा तुमचा आहे ना? मी तुम्हाला विचारतेय.”

तिला असं कुणी विचारलं नसावं. ती म्हणाली, “दुसऱ्या कुणाच्या कामाला येत असलं तर घ्या की.” कागदावर तिचा अंगठा घेतला. वर एक रकाना होता, आधी औषध वापरलं का. बाईंनी तिथं ‘नाही’ लिहिलं.

तपासणीवाला माणूस चांगला होता, बोलका. बधिर करायचा थेंब घालून त्यानं तिची पापणी खाली ओढली आणि आतून टिपून घेतलं. मग पट्टी टेबलावर ठेवली आणि घड्याळ लावलं. मी उभा राहून बघत होतो. पट्टीवर ओल चढत गेली आणि एक रेघ उमटली.

“दोन आल्या असत्या तर होय,” तो म्हणाला. “एकच हाय. म्हणजे न्हाय.”

“न्हाय म्हंजे न्हाय?”

“पावणं, ही पट्टी फक्त साथीच्या जंतूला वळखती. तेवढा न्हाय म्हणाली ती. आता यंत्रात लावलंय, तेचं बघू. तवर मावशींना बसवा तिथं. काय घालू नका डोळ्यात.”

त्यानं नीट सांगितलं होतं. त्याचा शब्द न् शब्द मला आजही आठवतो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ‘न्हाय’ एवढंच शिरलं. कळी पडली होती. उत्तर मिळालं होतं. आता त्याच डोळ्याबद्दल दुसऱ्यांदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा पुण्याला विचारायचं, हा सगळा प्रकार मला अगोचरपणा वाटायला लागला. त्यात पावणेचारची आजऱ्याची गाडी गाठायची होती.

“ऊठ,” मी म्हणालो.

“दीड तासच म्हणालेत की वो. बसूया. गडहिंग्लजवरनं दुसरी गाडी मिळंल.”

“एकदा न्हाय म्हटल्यावर परत इचारायचं नसतं.”

हे वाक्य तिनं आमच्या घरात येऊन हजारदा ऐकलं होतं. सासऱ्याच्या तोंडून ऐकलं, माझ्या तोंडून ऐकलं. ती उठली. दरवाजातून बाहेर पडताना तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली, पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून. गाडीत खिडकीकडं पाठ करून बसली, उजेड नको म्हणून.

घरी आल्यावर मी सुनेला सांगितलं, तपासलं, काय निघालं न्हाय. आणि संध्याकाळी परत थेंब घातले. काही निघालंच नाही म्हटल्यावर घालायला काय हरकत, असा माझा हिशोब. तिनं मान मांडीवर ठेवली, पण डोळा उघडताना या वेळी माझा हात धरला. “घालूया नको काय?” म्हणाली. मी म्हणालो, लाली कशानं गेली मग? तिनं हात सोडला.

त्याच संध्याकाळपासून फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या पोरानं बजावून ठेवलं होतं, आबा, ओळखीचा नंबर नसंल तर उचलायचा नाही, फसवणारे लोक असतात. पोरगा एवढा एक शब्द सांगून गेला आणि तेवढा मी पाळला. दोन दिवसांत पाच-सहा वेळा वाजला. मी प्रत्येक वेळी कापला, आणि पारावर बसून सांगितलं, मला फसवायला निघालेत.

तिसऱ्या दिवशी मी रानात होतो आणि फोन घरी राहिला होता. सुनेनं उचलला. ती बांधावरून पळत आली, चप्पल हातात.

“मामा, दवाखान्यातनं फोन हुता! दुसऱ्या तपासणीत निघालंय. तुमी गेल्यावर तासाभरात निघालं म्हणं. तवापासनं फोन करालेत त्या बाई. आजच्या आज घेऊन या म्हणाल्यात. आन् डोळ्यात काय घालत असाल तर ते बंद.” ती माझ्याकडं बघत राहिली. “त्यास्नी सांगितलं न्हाई का तुमी, थेंब घालताय ते?”

मी खुरपं खाली ठेवलं. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर ती बाटली उकिरड्यात टाकली. मग शेजाऱ्याची जीप बोलावली.

बाईंनी बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली. तीन दिवसांत डाग सगळ्या बुबुळावर पसरला होता. त्यांनी परत विचारलं, मधे काही घातलं का. मी परत नाही म्हणालो. आता तर कबूल करायला आणखी अवघड होतं. एकदा नाही म्हणून गेलेला माणूस मी, दुसऱ्यांदा होय कसं म्हणू? बायको भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिला त्या दिवशी कशाकडं तोंड केलं तरी सारखंच होतं.

मग मलम दिवसातून पाच वेळा, गोळ्या, दर आठवड्याला कोल्हापूर. सून घड्याळ लावून मलम घालायची. मला तिनं हात लावू दिला नाही, आणि मीही मागितला नाही. गणपती गेले, दसरा गेला. दुखणं थांबलं. डोळा पांढरा होऊन बसला, उजव्यासारखाच. उजेड आहे की नाही, दारात कुणी आडवं आलं की नाही, एवढं तिला कळतं. माणूस कळत नाही. आवाजावरून ओळखते, आणि कुणी न बोलता जवळ आलं की दचकते.

कारखान्यातल्या बायका एकदा भेटायला आल्या. एकीनं पिशवीत गर आणले होते. त्या गेल्यावर मी बघितलं तर ती ताटात गर ओतून बोटांनी निवडत होती. अख्खा इकडं, पाकळी तिकडं. बोटांना तेवढं कळत होतं. निवडून झाल्यावर तिनं ते सगळे परत एकत्र केले आणि सुनेला म्हणाली, “ने, भाजीत घाल.” त्यानंतर ताटाला हात लावला नाही.

दसऱ्यानंतरच्या खेपेला बाईंनी सांगितलं की आता जंतू नाही, पण डाग राहणार. बुबुळ बदलायची गोष्ट काढली. नवीन बुबुळातही तो जंतू परत येऊ शकतो, तरी नाव लावून ठेवू म्हणाल्या. बायको म्हणाली, बघू. तिच्या ‘बघू’चा अर्थ मला माहीत आहे.

मग त्यांनी एक वही काढली.

“मावशी, पुण्याचं उत्तर कधीच आलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुमच्या डोळ्याच्या तिन्ही तपासण्या खऱ्या निघाल्या.”

“तिन्ही?” मी म्हणालो. “पट्टी तर न्हाय म्हणाली हुती.”

“बरोबर म्हणाली काका. साथीचा जंतू नव्हताच. पट्टीला तेवढंच विचारलं होतं. यंत्राला चार जंतूंबद्दल विचारलं, त्यानं दुसरा दाखवला. पुण्यानं दोघींना खरं ठरवलं.”

मनातून इतके दिवस मी त्या पट्टीला शिव्या देत होतो. खोटं बोलली, फसवलं, तिच्यामुळं उठलो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ती खोटी निघावी म्हणून मी पुण्याच्या उत्तराची वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. आणि ती बया खरी निघाली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर तिनं दिलं. जन्मभर गावाला हेच सांगत आलो होतो मी, आणि माझ्याच बायकोच्या डोळ्यापुढं उभं राहून काय विचारलंय ते बघितलं नव्हतं. त्या खोलीत खोटं एकच झालं होतं, आणि ते माझ्या तोंडून.

बाई पुढं बोलत होत्या. “मावशी, ह्या वहीतली तुमच्या डोळ्याची ओळ आमच्या फार उपयोगाची आहे. ही वही बघून पुढं ठरणार आहे, असल्या डोळ्याला कुठली तपासणी आधी करायची.”

“म्हंजे माझ्या डोळ्याचा कुणाला तरी उपेग झाला म्हणायचा,” बायको म्हणाली. तिच्या तोंडावर दोन महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं दिसलं.

“झाला तर. पण मला एक कळत नाही. औषध नाही, काही नाही, तरी डोळा तीन दिवसांत इतका कसा बिघडला? मीच त्या दिवशी कमी पडले. नुसत्या अंदाजावर मलम चालू करायला हवं होतं. तुम्ही उठलात तेव्हा बाहेर येऊन थांबवायला हवं होतं. आता आम्ही पट्टी कुणाला आधी दाखवत नाही, दोन्ही उत्तरं एकदम सांगतो. पण तुमच्या वेळी चूक झाली माझी. माफ करा.”

असं म्हणून त्या बाईनं खरोखर हात जोडले. मी पायातल्या चपलेकडं बघत होतो. ‘असू दे’ असं मी म्हणालो. होय, ‘असू दे’ म्हणालो. मोठ्या मनानं.

गाडी निपाणीच्या फाट्याला आली. तेव्हा बायको समोर बघत म्हणाली,

“ती पोरगी सोताला दोष देत हुती.”

मी तिकिटाची घडी करत होतो.

“हात जोडले तिनं. मला दिसलं न्हाय, पण बांगड्या वाजल्या. तुमी असू दे म्हणाला.”

“तू का बोलली न्हाईस मग? पैल्याच दिवशी?”

“तुमी बोलला हुता की,” ती म्हणाली. “तुमी न्हाय म्हटल्यावर मी व्हय म्हणायचं, असं आपल्यात कवा हुतं?”

पुढचा माणूस वळून बघायला लागला म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं. ती थांबली नाही.

“माझा डोळा गेला, त्येचं मी कुणाला काय म्हणाले न्हाय. तुमास्नीबी न्हाय. तुमी काय मुद्दाम केलं न्हाईसा. पण त्या पोरीच्या डोस्क्यावर दोष का टाकला? ती उद्या दुसऱ्या कुणाचा डोळा बघताना भिईल. तिला काय म्हाईत, ती चुकली न्हाय म्हणून.”

घरी सुनेनं ताट वाढलं. बायकोनं चाचपत पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला, रोजच्यासारखा. एवढं बोलूनही तांब्या सरकवला, हे मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोललो असतो. ते मला येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं एकटाच कोल्हापूरला गेलो. बाकावर नंबर लावून बसलो. आत गेल्यावर बाई म्हणाल्या, “काका, मावशी कुठं?” मी म्हणालो, “दुखणं माझं हाय,” आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाटली दुकानातली होती, आधी माझ्या डोळ्यात घातली होती, मग तिच्या, तुम्ही विचारलंत त्याच्या आधी आणि नंतरही. तुमची चूक नव्हती. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकांना ऐकू जात होतं. जाऊ दिलं.

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून चार-पाच बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. पांढऱ्या टोपणाची होती ती मी दाखवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, “ह्यानं लाली जाते काका. आणि आत जंतूला रान मोकळं मिळतं.” मग वही काढली, ‘नाही’ खोडलं, ‘होय’ लिहिलं, आणि जरा थांबून ती सगळी ओळच खोडली.

“हे का?” मी विचारलं.

“आधी औषध घातलेला डोळा ह्या तुलनेत धरता येत नाही. आमचा नियम आहे तो.”

“पण तिन्ही खऱ्या निघाल्या हुत्या की.”

“तरीही नाही.”

“तिला त्येवढंच बरं वाटलं हुतं बाई. कुणाच्या तरी कामाला आला म्हणून.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. “मी काय करू काका?” एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत घ्यायला सांगितलं.

मी स्टँडवर येऊन आजऱ्याची गाडी धरली. घरी गेल्यावर ती विचारणार होती, सांगितलं का, आणि मी होय म्हणणार होतो. मग ती विचारणार होती, बाई काय म्हणाल्या. त्याचं उत्तर मी गडहिंग्लजपर्यंत जुळवत होतो. जुळलं नाही. गाडी आजऱ्यात थांबली तेव्हा कंडक्टर दोनदा ओरडला, “आजोबा, उतरा की,” तेव्हा कुठं मी उठलो.